पुढं काय होतं? पॅथॉलॉजी शिकणाऱ्यांचे आणि शिकवणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात वैद्यकीय महाविद्यालयांतली पत्रं जास्त आली. बहुतेकांचा रोख पॅथॉलॉजीवर, म्हणजे विकृतिशास्त्रावर आहे. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडी आखूड केली आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : ग्रॅन्युलोमाची (जंतूभोवती जमलेल्या संरक्षक पेशींच्या गाठीची) व्याख्या पाठ आहे, चित्र काढता येतं, लँगहान्स जायंट सेल ओळखता येते. पण व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) ‘मधला भाग चीजसारखा का होतो?’ असं विचारलं की जीभ टाळूला चिकटते. वाचते भरपूर, पण धागा लागत नाही. काय करू?
*द्वितीय वर्ष एमबीबीएसची विद्यार्थिनी, यवतमाळ*

तुम्ही गोष्टीचं शेवटचं पान आधी पाठ करताय. स्लाइडवर दिसतो तो आजाराचा एक थांबवलेला क्षण. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार होतं, हे त्या काचेवर लिहिलेलं नसतं. म्हणून स्लाइडच्या वर्णनापासून सुरुवात न करता घटनांच्या क्रमापासून करा.

कोऱ्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे दहा-बारा तुकडे करा. एका तुकड्यावर एकच घटना लिहायची, एकाच क्रियापदात. क्षयरोग घेतला तर असं होईल: जंतू श्वासातून वायुकोशात पोहोचतो. मॅक्रोफेज (जंतू खाणारी संरक्षक पेशी) त्याला गिळतो. जंतू मॅक्रोफेजच्या आतली पचनाची पिशवी जुळू देत नाही. तो आत वाढत राहतो. साधारण तीन आठवड्यांनी टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) जाग्या होतात. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं संदेशद्रव्य सोडतात. त्यानं मॅक्रोफेज चेततात. चेतलेले मॅक्रोफेज लांबट, फिकट होतात, म्हणजेच एपिथेलिऑइड पेशी बनतात. काही एकमेकांत मिसळून जायंट सेल होतात. भोवती लिम्फोसाइट आणि नंतर तंतूंचं कडं तयार होतं. मध्यभाग रक्तपुरवठ्यापासून दूर पडतो, तिथेच मॅक्रोफेज गर्दीनं मरतात, आणि जंतूच्या भिंतीतल्या मेणचट चरबीमुळे तो मेलेला भाग ना धड विरघळत ना धड घट्ट राहत. हेच तुमचं ‘का’चं उत्तर.

आता कार्डं पिसा आणि पुस्तक न बघता पुन्हा लावा. हे जमलं की खरा अभ्यास सुरू होतो: मधलं एक कार्ड काढून घ्या आणि स्वतःला विचारा, आता स्लाइड कशी दिसेल? टी-पेशींचं कार्ड काढलं, म्हणजे एचआयव्हीमध्ये सीडी-४ (टी-पेशींचाच एक प्रकार) घसरल्या, तर मॅक्रोफेज चेतणार नाहीत. मग ग्रॅन्युलोमा विस्कळीत होईल किंवा बांधलाच जाणार नाही, आणि झील-नीलसन रंगकामात (हे जंतू लाल रंगवणाऱ्या पद्धतीत) जंतूंचा सडा दिसेल. हे पाठ करावं लागत नाही, कार्डांतून आपोआप निघतं. सांधेवाताच्या रुग्णाला टीएनएफ, म्हणजे ग्रॅन्युलोमा बांधून ठेवणारं संदेशद्रव्य, अडवणारं औषध दिल्यावर जुना क्षय का उसळतो, हेही याच कार्डांवर दिसेल.

याला जोड म्हणून कुष्ठरोग लगेच घ्या. वरोऱ्याचं आनंदवन आणि वर्ध्याजवळचं दत्तपूर ज्या मुलखात आहे, तिथल्या विद्यार्थ्याला हा आजार पुस्तकातला वाटू नये. जंतू एकच. टी-पेशींचा प्रतिसाद दमदार असेल तर घट्ट ग्रॅन्युलोमा, जंतू जवळजवळ नाहीत, पण मज्जातंतू लवकर बाद. प्रतिसाद ढिला असेल तर फेसाळ मॅक्रोफेज आणि त्यात जंतूंच्या मोळ्या. जाताजाता एक प्रयोगशाळेतला फरक पक्का करून ठेवा: क्षयाच्या जंतूसाठी रंग काढायला २० ते २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल चालतं, कुष्ठरोगासाठी ५ टक्के. तेच तीव्र आम्ल वापरलं तर कुष्ठरोगाचे जंतू रंग सोडून देतात आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ जातो.

आणखी एक सवय लावून घ्या. स्लाइड हातात आली की आधी उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा, मग ४ची लेन्स, मग १०ची, आणि सगळ्यात शेवटी ४०ची. थेट ४०वर जाणाऱ्याला पेशी दिसतात, अवयव दिसत नाही. फॅटी लिव्हरच्या स्लाइडवर पांढरी गोल भोकं दिसली की स्वतःला विचारा, चरबी कुठं गेली? ती तयारीत अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून गेली. भोक हाच तिचा पुरावा. चरबी प्रत्यक्ष बघायची तर गोठवून काप घ्यावा लागतो आणि ऑइल रेड-ओ लावावं लागतं.

प्रश्न : आमचं महाविद्यालय नवं आहे. सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) आमच्या भागात घरोघरी माहीत आहे, पण वर्गात तो विषय ४० मिनिटांच्या पीपीटीत संपतो. विद्यार्थ्यांच्या हाताला काहीतरी लागावं असं प्रात्यक्षिक कसं घ्यावं?
*सहायक प्राध्यापक, गडचिरोली*

आपल्याकडे सिकलसेलइतका चांगला धडा दुसरा नाही. एका अमिनो आम्लापासून थेट रुग्णाच्या कण्हण्यापर्यंत पूर्ण साखळी दाखवता येते, असे आजार थोडेच.

आधी प्रात्यक्षिक. सोडियम मेटाबायसल्फाइटचं २ टक्के द्रावण लागेल: २०० मिलिग्रॅम पावडर, १० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात. हे त्याच दिवशी, शक्यतो वर्गाआधी तासभर बनवायचं. स्वच्छ स्लाइडवर ईडीटीएमधल्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यातल्या) रक्ताचा एक छोटा थेंब, त्यात द्रावणाचे दोन थेंब, मिसळून वर कव्हरस्लिप. जास्तीचं पाणी टिपकागदानं टिपा आणि चारही कडा व्हॅसलीननं किंवा वितळलेल्या मेणानं बंद करा. अशा तीन स्लाइड हव्यात: एक माहीत असलेल्या रुग्णाच्या नमुन्याची, एक निरोगी नमुन्याची, आणि तिसरी त्याच रुग्णाच्या नमुन्याची पण द्रावणाऐवजी सलाइन घातलेली. ही तिसरी स्लाइड लोक गाळतात. तिच्यामुळेच कळतं की पेशी मुळात वाकड्या होत्या की ऑक्सिजन काढल्यामुळे झाल्या.

वेळेची मांडणी महत्त्वाची. तास सुरू झाल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांत स्लाइड लावून टाका, मग फळ्याकडे वळा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक गट येऊन बघेल आणि वहीत पेशीचं चित्र काढेल. अर्धा ते एक तासात आकार बदलताना दिसतो. पेशी आधी काटेरी होतात, मग टोकं ओढल्यासारखी लांबतात. तासाच्या शेवटीही काही दिसलं नाही तर स्लाइड फेकू नका. ओल्या कापसाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

चुका कुठं होतात? पावडरची बाटली उघडी राहिली की ती हवेतल्या ऑक्सिजननं निकामी होते, म्हणून दरवेळी माहितीच्या पॉझिटिव्ह नमुन्याशिवाय निकाल मानायचा नाही. कडा नीट बंद झाल्या नाहीत तर हवा शिरते आणि पेशी पुन्हा गोल होतात. रुग्णाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशींची भेसळ दिसते. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा नमुना फसवतो, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन एफ भरपूर असतं.

इथेच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वर्गापुढे टाका: वाहकाच्या, म्हणजे एएस माणसाच्या पेशीही या स्लाइडवर वाकतात, मग तो आजारी का नसतो? विद्यार्थ्यांना पाच मिनिटं गप्प बसून विचार करू द्या. उत्तर असं की आपण कव्हरस्लिपखाली ऑक्सिजन जवळजवळ संपवला आणि भरपूर वेळ दिला. शरीरात लाल पेशी केशवाहिनीतून काही सेकंदांत पार होते. हिमोग्लोबिन एसचे (सिकलसेलमधल्या सदोष हिमोग्लोबिनचे) रेणू एकमेकांना चिकटून दोर बनायला लागतो त्याहून जास्त वेळ, विशेषतः जेव्हा पेशीत एस अर्ध्याहून कमी असतं. म्हणून ही चाचणी ‘एस आहे की नाही’ एवढंच सांगते. एएस (वाहक) की एसएस (रुग्ण), हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागतेच. गावोगावच्या तपासणीत वापरली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे द्रावण गढूळ होऊन मागच्या काळ्या रेषा दिसेनाशा होतात ती, तिचीही मर्यादा हीच. शिवाय रुग्ण फार पांढरा पडलेला असेल, हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल, तर रक्त कमी पडून ती चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा रक्त दुप्पट घ्यावं.

हा वेळेचा मुद्दा कळला की बाकीची साखळी विद्यार्थी स्वतः बांधतात. रक्त जिथे रेंगाळतं तिथे पेशी वाकणार: प्लीहेत, अस्थिमज्जेत, आणि सूज आलेल्या कुठल्याही जागी. पेशीतलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन दाटतं आणि दोर लवकर बनतो. आता त्यांना विचारा, आपल्या जिल्ह्यात रुग्ण कधी वाढतील? मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या मोसमात घाम गाळून पाणी न पिणारा मजूर, जुलैत रोवणीला थंड चिखलात दिवसभर उभी असलेली बाई, तापानं फणफणलेलं पोर. ‘माहं आंग ठणकते जी’ या तक्रारीमागचं रसायन त्यांना इथे सापडेल.

एका ठिकाणी पाठ्यपुस्तक आणि आपला वॉर्ड यांचं जुळत नाही, ते मुद्दाम दाखवा. पुस्तकात लिहिलेलं असतं की वारंवार इन्फार्क्ट होऊन (रक्तपुरवठा तुटून भाग मरून) प्लीहा लहानपणीच आक्रसते. मध्य भारतातल्या बऱ्याच रुग्णांत मोठेपणीही प्लीहा हाताला लागते. इथल्या अरब-इंडियन हॅप्लोटाइपमध्ये (जनुकाच्या इथल्या वंशपरंपरागत प्रकारात) हिमोग्लोबिन एफ जास्त असतं आणि अनेकांत अल्फा थॅलेसेमियाही (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा दोष) सोबत असतो. दोन्हींमुळे दोर उशिरा बनतो आणि प्लीहा जास्त वर्षं टिकते. म्हणून पेरिफेरल स्मिअरमध्ये हॉवेल-जॉली बॉडी (प्लीहा निकामी झाल्यावर लाल पेशींत उरणारे केंद्रकाचे ठिपके) नाहीत म्हणून सिकलसेल नाही, असं कुणी म्हणू नये.

या आजाराचा इतिहासही क्रम शिकवायला कामाचा आहे, कारण साखळीचं खालचं टोक आधी सापडलं. १९१० मध्ये शिकागोत हेरिकनं विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे इन्ग्रॅमनं तो दोष एका अमिनो आम्लावर, ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलीन, इथवर आणला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष नोंदवला गेला. २०२३च्या जुलैत सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल उच्चाटन अभियान २०४७चं लक्ष्य ठेवून चालू आहे, आणि तुमचे विद्यार्थी पुढे त्याच अभियानात काम करणार आहेत.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. प्रात्यक्षिकासाठी वर्गातल्या मुलामुलींचंच रक्त घेऊन निकाल सगळ्यांसमोर जाहीर करू नका. आपल्याकडे ‘वाहक’ हा शब्द लग्नाच्या बोलण्यात येऊन पडतो, आणि मुलीच्या बाबतीत जास्त टोचतो. नमुने प्रयोगशाळेतून नाव काढून घ्या. कुणाला स्वतःची तपासणी करायची असेल तर ती वेगळी, समुपदेशनासह, आणि निकाल फक्त त्याच्या हातात.

प्रश्न : माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. मनात मराठीत विचार करतो आणि इंग्रजीत लिहितो, त्यात गोंधळ होतो. मराठीत समजून घेणं बंद करावं का?
*विद्यार्थी, वाशिम*

बंद करू नका. क्रम मराठीत समजून घ्या, संज्ञा इंग्रजीतल्या ठेवा. फक्त चार-पाच मराठी शब्दांपाशी सावध राहा, कारण ते एकाच वेळी दोन-तीन वेगळ्या घटनांना लागू होतात.

सगळ्यात फसवा शब्द ‘सूज’. इन्फ्लमेशनला (दाहाला) सूज म्हणतात, इडिमालाही (ऊतींत पाणी साचण्यालाही) सूज, आणि गालावर गाठ वाढली तरी घरचे म्हणतात ‘सूज आली’. पण हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या पायावरच्या सुजेत इन्फ्लमेशन नसतं. तिथे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर आलेलं असतं. त्या पाण्यात प्रथिनं कमी असतात. गळवाच्या सुजेत मात्र वाहिन्यांच्या भिंतीच गळक्या झालेल्या असतात, म्हणून प्रथिनं आणि पेशी दोन्ही बाहेर येतात. ट्रान्स्युडेट (दाबानं आलेलं पाणी) आणि एक्झ्युडेट (गळक्या भिंतीतून आलेलं) यांचा अख्खा फरक या एका शब्दाखाली लपतो. वहीत ‘सूज’ लिहिलंत की पुढे लगेच विचारा: भिंत गळकी आहे की दाब वाढलाय?

‘गाठ’ तशीच. काखेतली गाठ लिम्फ नोड असते, स्तनातली गाठ ट्यूमर असू शकते, आणि रक्ताची गाठ म्हणजे थ्रोम्बस. ‘कावीळ’ हा आजार नाही, लक्षण आहे. लाल पेशी फुटल्या, यकृत बिघडलं किंवा पित्तनलिका तुंबली, तिन्हींत डोळे पिवळे होतात. रुग्ण ‘कावीळ उतरवून आणली’ म्हणतो तेव्हा तीनपैकी कुठली उतरली, हा प्रश्न तुम्ही विचारायचा.

प्रश्न : आमच्या म्युझियममधले नमुने वर्षभरात फिके पडतात, बरण्यांतलं पाणी पिवळं होतं. उन्हाळ्यात तर झाकणंच सुटतात. कुठं चुकतंय?
*ट्यूटर, चंद्रपूर*

बहुतेक वेळा चूक बरणीत नसते, पहिल्या दिवशी झालेली असते. नमुना कच्चा फिक्स झाला की रक्तातला आणि पित्तातला रंग पुढे वर्षभर झिरपत राहतो.

१० टक्के फॉर्मलिन म्हणजे बाजारात मिळणाऱ्या दाट फॉर्मलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासायला) ते बफर करा, म्हणजे आम्लधर्मी होऊ देऊ नका: एक लिटरमध्ये मोनोहायड्रेट सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. बफर नसलं की फॉर्मलिन आम्लधर्मी होतं आणि प्लीहेसारख्या रक्ताळ नमुन्यात काळपट-तपकिरी रंगकण बसतात. विद्यार्थी मग त्यालाच मलेरियाचं पिगमेंट समजतात. द्रावण नमुन्याच्या किमान दहापट हवं. अख्खं यकृत बादलीत बुडवलं तर बाहेरून शिजल्यासारखं आणि आतून कुजलेलं निघतं, कारण फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं आणि पुढे आणखी मंदावतं. म्हणून एक-दोन सेंटिमीटरचे काप करा. फुफ्फुस असेल तर श्वासनलिकेतून फॉर्मलिन भरा. तळाशी कापसाचा थर द्या, नाहीतर नमुना तळाला चिकटून तिथे कच्चा राहतो.

रंग टिकवायला कायझरलिंगची पद्धत अजूनही उत्तम. पहिलं द्रावण: फॉर्मलिन ४०० मिलिलिटर, पोटॅशियम नायट्रेट ३० ग्रॅम, पोटॅशियम ॲसिटेट ६० ग्रॅम, पाणी २ लिटर. यात नमुना आकाराप्रमाणे काही दिवस ते दोन-तीन आठवडे. मग धुऊन ८० टक्के अल्कोहोलमध्ये. इथे टेक्निशियनला दुसऱ्या कामाला पाठवू नका. एक ते चार तासांत करडा पडलेला नमुना पुन्हा लालसर होऊ लागतो, तो रंग आला की लगेच बाहेर काढायचा. रात्रभर राहिला तर रंग कायमचा जातो. शेवटच्या, बरणीतल्या द्रावणासाठी लिटरमागे ग्लिसरीन ३०० मिलिलिटर, सोडियम ॲसिटेट १०० ग्रॅम, थोडंसं फॉर्मलिन, आणि बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे दोन-चार खडे. पाणी डिस्टिल्डच घ्या, बोअरवेलचं जड पाणी गढूळपणा आणतं. पहिल्या दोन महिन्यांत द्रावण पिवळं झालं तर ते ओतून नवं भरा. बऱ्याचदा एका बदलातच भागतं.

झाकणाचं कारण साधं आहे. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात द्रव फुगतो. काठोकाठ भरलेल्या बरणीला फुगायला जागा नसते, म्हणून सील फाटतं. वर बोटभर जागा सोडा, आणि बरण्या पश्चिमेच्या भिंतीपासून आणि खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवा. फॉर्मलिनचं काम खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालूनच करा. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करणारं रसायन म्हणून मान्य झालेलं आहे.

आणि बरणीवर फक्त ‘यकृत, सिरॉसिस’ एवढी चिठ्ठी लावू नका. वय, तक्रार आणि एक प्रश्न लिहा: ‘या माणसाला रक्ताची उलटी का झाली असेल?’ विद्यार्थी बरणीपुढे जास्त वेळ थांबतो.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विद्यार्थी पोस्टिंगला येतात. आमच्याकडे एक मायक्रोस्कोप आणि एक लॅब टेक्निशियन. त्यांना पॅथॉलॉजी काय दाखवणार?
*वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा*

तुमच्याकडे एक काचेची टेस्टट्यूब आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे रुग्ण आहेत. दोन मोठे धडे तेवढ्यावर होतात.

पावसाळ्यात सोयाबीनच्या, कपाशीच्या शेतातून सर्पदंशाचे रुग्ण येतात. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी विद्यार्थ्यांसमोर करा, उपचाराला मात्र एक मिनिटही उशीर होऊ देऊ नका. नवी, कोरडी, स्वच्छ काचेची ट्यूब. शिरेतून ताजं २ मिलिलिटर रक्त. स्टँडमध्ये न हलवता २० मिनिटं. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठण्याची यंत्रणा कोसळली आहे. शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची ट्यूब ठेवा, म्हणजे ट्यूबचाच दोष असला तर तो कळेल.

आता ‘का’ विचारा. काच का? काचेच्या पृष्ठभागानं फॅक्टर १२ (रक्त गोठवणारा एक घटक) जागा होतो आणि साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये तसं नीट होत नाही, आणि साबणानं धुतलेल्या काचेतही नाही. तिथे चांगलं रक्तही पातळ राहतं आणि विनाकारण प्रतिविष दिलं जातं. घोणसीचं विष फॅक्टर १० आणि ५ला थेट चेतवतं. म्हणजे विष रक्त ‘पातळ’ करत नाही, आधी ते सगळीकडे थोडंथोडं गोठवतं, त्यात फायब्रिनोजेन संपतं, आणि मग ट्यूबमध्ये गोठायला काही उरत नाही. हे एकदा ट्यूबमध्ये पाहिलं की डीआयसी (शरीरभर रक्त गोठून गोठवणारे घटकच संपणं) कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. प्रतिविषानंतर चाचणी सहा तासांनी पुन्हा का करायची? कारण यकृताला हे घटक पुन्हा बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो. आणि जाताना विचारा: रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पापण्या मिटतायत, पण ट्यूबमधलं रक्त छान गोठलं, मग घरी पाठवायचं का? नाही. मण्यारीचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करतं, रक्तावर नाही.

खर्ऱ्याचा धडा ओपीडीत बसूनच होतो. ‘तिखट खाल्लं की तोंड जळते’ म्हणणाऱ्या तरुणाचे गाल आतून बघा. पांढुरके पडलेले असतात आणि बोटाला दोऱ्या लागतात. वरच्या आणि खालच्या मधल्या दातांमधलं अंतर पट्टीनं मोजून लिहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ मिलिमीटरहून जास्त उघडतं. मग क्रम: सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टला कोलॅजन बनवायला लावतं. सुपारीतल्या तांब्यामुळे ते कोलॅजन एकमेकांत घट्ट बांधलं जातं. टॅनिनमुळे ते तोडणारं एन्झाइम अडतं. उत्पादन वाढलं, बांधणी पक्की झाली, मोडतोड थांबली, म्हणून गाल कडक. वरचा थर पातळ होत जातो, म्हणून तिखट झोंबतं. त्याच पातळ थरात पुढे डिस्प्लेसिया (पेशींतला कॅन्सरपूर्व बिघाड) आणि कॅन्सर होऊ शकतो, तंबाखू त्यात भर घालते. सोडल्यावर तोंड आपोआप पूर्ववत उघडेल असं रुग्णाला सांगू नका. बनलेलं कोलॅजन बहुतेक तसंच राहतं. सोडल्यानं पुढची वाढ थांबू शकते, हे मात्र ठासून सांगा आणि तोंडाची तपासणी चालू ठेवा.

प्रश्न : नातेवाईक शवविच्छेदनाला तयार होत नाहीत. अवयव प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय पोरं काय शिकणार?
*सहयोगी प्राध्यापक, गोंदिया*

नातेवाइकांवर दबाव नको. शस्त्रक्रियागृहातून येणारा प्रत्येक नमुना विद्यार्थ्यांसमोर कापा: अपेंडिक्स, पित्ताशय, गर्भाशय. प्रसूतिगृहात रोज प्लासेंटा (वार) मिळते. संमती घेऊन तिच्यावर जुने आणि ताजे इन्फार्क्ट शेजारीशेजारी दाखवता येतात. ताजा लालसर आणि मऊ, जुना पांढुरका आणि कडक. रक्तदाब वाढलेल्या मातांच्या प्लासेंटा वेगळ्या काढायला परिचारिकांना सांगून ठेवा.

आणि गावातल्या खाटकाशी बोला. बकऱ्याच्या यकृतात किंवा फुफ्फुसात पांढरे, पाण्यानं भरलेले फुगे निघाले तर ते हायडॅटिड सिस्ट, म्हणजे जंताच्या अळीच्या पिशव्या, असू शकतात. एक सिस्ट उघडली की तीन थर दिसतात: बाहेरचं तंतुमय कडं यजमानाचं, आतला उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा थर जंताचा, आणि सगळ्यात आतला नाजूक, जननक्षम पापुद्रा. तळाशी बसलेली बारीक वाळू स्लाइडवर घेतली तर १०च्या लेन्सखाली हुकांसारख्या आकड्यांची चक्रं असलेली जंताची डोकी दिसतात. काही सिस्ट वांझ असतात, त्यांत ती नसतात. मोजे घाला. काम झाल्यावर उरलेला भाग जाळा किंवा खोल खड्ड्यात पुरा, उकिरड्यावर टाकू नका. कुत्र्यानं खाल्ला तर जंताची अंडी त्याच्या विष्ठेतून पुन्हा गावात येतात, आणि माणसाला हा आजार त्या अंड्यांमुळेच होतो.